डॉक्टरांची गर्भरेशमी

डॉक्टरांनी मला खोली दिली ती माझ्या बनियनकडे बघून.

तेव्हा मी ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत नुकताच चिकटलो होतो आणि सांगलीत विश्रामबागेच्या आसपास खोली शोधत फिरत होतो. एजंट म्हणाला होता, "मालक रिटायर डॉक्टर आहेत. माणूस सोन्यासारखा. फक्त जरा..." आणि पुढचं वाक्य त्याने हवेत हात फिरवून पुरं केलं होतं. मी बेल वाजवली. दार उघडलं ते एका उंच, किडकिडीत गृहस्थांनी. अंगात पांढराशुभ्र सुती लेंगा-सदरा. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. दोन बोटांत माझ्या शर्टाची बाही धरली, चोळली आणि म्हणाले,

"कशाचा?"

"कराडला घेतला."

"कुठला नाही विचारलं. कशाचा?"

मी बाहीकडे बघितलं. त्यांनी बाही सोडली आणि बोटं आपल्या सदऱ्याला पुसली. दार लावून घेणार एवढ्यात त्यांची नजर माझ्या गळ्याशी गेली. त्यांनी माझ्या शर्टाचं वरचं बटण स्वतःच्या हाताने काढलं, आत डोकावले आणि मागे वळून ओरडले,

"अगं, आतून सुती आहे! सुधारेल!"

आतून बाईमाणसाचा आवाज आला, "भाडं सांगा त्याला आधी. आणि बटण लावा त्याचं."

असा मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत राहायला आलो. डॉक्टर म्हणजे माणसांचे नव्हेत, जनावरांचे. सगळी नोकरी जत, आटपाडी अशा कोरड्या भागात झालेली. मेंढ्यांना लस टोचायची, अडलेल्या गाईची सुटका करायची, म्हशीचा ताप उतरवायचा. निवृत्त होऊन सांगलीत आले आणि गोठ्याच्या जागी कपाट आलं. दोन्हींत काही फरक आहे हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

"लोकर म्हणजे काय?" ते मला जिन्यात अडवून विचारायचे. "मेंढीचे केस. रेशीम म्हणजे काय? किड्याची लाळ. जिवाच्या अंगातून आलेली वस्तू आहे ही. तू मेंढीला उकळत्या पाण्यात घालशील?"

"नाही."

"मग स्वेटर कसा घालतोस?"

माझ्याकडे स्वेटर नव्हताच, सांगलीत तो लागतो कुठे? पण त्यांना उत्तर नको असायचं, कबुली हवी असायची. मी कबुली देऊन खोलीत जायचो.

रेशमी कपडे धुवायचे ते कोमट पाण्यात, तेही हाताला लागेल न लागेल इतक्या कोमट. पण हातावर त्यांचा विश्वास नव्हता. बादलीत ते एक जाड काचेचा थर्मामीटर सोडत, डोळ्यांपाशी नेत, मान हलवत, आणि पाणी बरं झालंय की अजून तापलेलं आहे ते सांगत. मला त्या शास्त्रीय बाण्याचं फार कौतुक वाटायचं. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या काकू, तिथेच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हशीचा आहे तो."

"म्हणजे?"

"म्हशीला लावायचे तो. कुठं लावायचे ते विचारू नका."

"स्पिरिटने पुसून घेतलाय!" डॉक्टर बादलीपाशी उसळून म्हणाले. "आणि म्हैस काय, रेशमाचा किडा काय, ताप तो ताप."

काकूंबद्दल सांगायचं तर त्या सिंथेटिक साड्या नेसत. बारा महिने, सणासुदीलासुद्धा. पुऱ्या गल्लीत कापडावर एवढं प्रेम करणारा माणूस दुसरा नव्हता आणि त्याच्याच बायकोच्या अंगावर सदा त्या चकचकीत, फुलाफुलांच्या, रात्री धुवून पहाटे नेसता येणाऱ्या साड्या. सुरुवातीला मला वाटलं, भांडण असेल. मग एक दिवस त्यांनीच सांगितलं.

"एकदा रेशमी नेसून बारशाला गेले होते. परत आले तर दारातच उभं केलं. नाडी बघावी तशा एकेक करून निऱ्या तपासल्या. मग साडी उतरवून घेतली, पंख्याखाली बाजेवर पसरली, आणि मला म्हणाले, तू आता स्वयंपाकाचं बघ. घाम दोघींना आला होता बघा. वारा एकीलाच मिळाला."

पाण्याचंही तसंच. दर आठवड्याला घरात गार पाण्याचा मोठा निळा जार यायचा. पहिल्या उन्हाळ्यात मी बाहेरून तापून आलो आणि त्यातलं ग्लासभर घ्यायला वाकलो तर डॉक्टर चपला न घालता अंगणातून धावत आले. "ते पिण्याचं नाही! धुण्याचं आहे! बोअरचं पाणी जड असतं, रेशीम राठ होतं त्याने."

"मग प्यायचं कुठलं?"

"बोअरचं," काकू म्हणाल्या. "आपण बोअरचं प्यायचं. साड्या जारचं पितात. त्यांना मुतखडा होऊ नये म्हणून."

ठरावीक दिवसांनी कपाट उघडून सगळ्या रेशमी साड्यांच्या घड्या मोडायच्या आणि दुसऱ्या रेषेवर घालायच्या, हा त्या घरातला मोठा सोहळा. घडी एकाच जागी राहिली की रेशीम तिथे चिरतं, हे खरंच आहे. पण डॉक्टर त्याला 'कूस बदलणं' म्हणायचे. आजारी गाय बसून राहिली तर तिला दिवसातून इतक्यांदा कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर अंगाला जखमा होतात, तसंच. साडी उलटताना ते तोंडाने हलकेच "हो... हो... हो..." असा आवाज काढत. गाय बुजू नये म्हणून काढतात तो. कपाटात डांबराच्या गोळ्यांना मनाई होती. मलमलीच्या पुरचुंडीत बांधलेल्या लवंगा आणि सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. सगळ्या घराला मसालेभाताचा वास यायचा आणि जेवायला आमटी असायची.

शेजाऱ्यांना याचा त्रास होता. शेजारच्या बाईंनी एकदा सासूने विणलेला लोकरी स्वेटर वॉशिंग मशीनमध्ये घातला, गरम पाण्यात. तो बाहुलीला होईल एवढा होऊन बाहेर आला. डॉक्टरांनी कुंपणावरून तो पाहिला, घरात आले आणि गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो टाकला. वर हात जोडलेले, खाली दिवा, आणि मध्ये 'शेजारच्या घरी दुःखद घटना. भावपूर्ण श्रद्धांजली'. कुणी फोटो नीट बघितला नाही. ग्रुपवर सगळ्यांनी भराभर हात जोडले. संध्याकाळपर्यंत शेजारच्या बाईंकडे चार घरांतून पिठलं-भाकरी आली आणि त्यांच्या पुण्याच्या नणंदेचा रडत फोन आला की आईला काय झालं. सासूबाई त्या वेळी ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी स्वतः फोन घेतला आणि "मी हाय अजून," असं सांगितलं.

डॉक्टरांना खरी भीती होती ती एकाच गोष्टीची, हळदीची. आणि राहायचे सांगलीत. हळदीचा मोसम सुरू झाला की मार्केट यार्डाकडचा रस्ता ते सोडून देत, लांबचा वळसा घालून घरी येत. काकू भाजीला हळद घालायच्या त्या स्वयंपाकघराचं दार लावून.

हे सगळं मी गमतीनं बघत होतो, माझं लग्न ठरेपर्यंत.

मुलगी साताऱ्याची, सुजाता. लग्न साताऱ्यातल्या एका मंगल कार्यालयात, ऐन मे महिन्यात. माझं गाव उंब्रज. आमच्याकडे अक्षतांचा शालू नवऱ्या मुलाकडून जातो, आणि तो आणायचं काम माझ्या मामाने स्वतःहून अंगावर घेतलं होतं. मामाला हायवेवरची सगळी दुकानं, ढाबे आणि गॅरेजवाले ओळखतात, त्यामुळे आपल्याला कुणी फसवू शकत नाही अशी त्याची पक्की समजूत होती.

डॉक्टर आणि काकू सांगलीहून त्यांच्या जुन्या गाडीने आले. उतरताना काकूंचा चेहरा उतरलेला दिसला. त्यांच्याकडे एक गर्भरेशमी साडी होती, फिकट अबोली रंगाची, हिरव्या काठाची, त्यांच्या स्वतःच्या लग्नातली. त्यानंतर ती त्यांच्या अंगाला कधी लागली नव्हती. माझ्या लग्नात ती नेसायचीच असं त्यांनी ठरवलं होतं. डॉक्टर हो म्हणाले होते. पण कराडच्या पुढे त्यांना अक्षता आठवल्या, मग मठ्ठा आठवला, आणि उंब्रज येईपर्यंत त्यांचा होकार विरघळला होता. साडी मागच्या सीटवर मलमलीत गुंडाळून तशीच होती.

"मग आणली कशाला?" मी विचारलं.

"हवापालट," डॉक्टर म्हणाले.

शालू द्यायची वेळ झाली. मुलीच्या खोलीबाहेर बायका जमल्या होत्या. सुजाताची आत्या पुढे उभी होती, साताऱ्यात जिचा शब्द कुणी खाली पडू देत नाही अशी बाई. मामा ताट घेऊन आला. ताटात लालभडक शालू, वर नारळ. आणि त्याला नेमके समोर डॉक्टर दिसले.

"आवं डॉक्टर, या हिकडं!" मामा म्हणाला. "तुमी कापडातलं जानकार म्हनं. बगा की हात लावून. लय भारी माल हाय. अस्सल रेशीम."

डॉक्टरांनी हात मागे घेतले. "छान आहे. रंग छान आहे."

"रंगाचं र्‍हाऊ द्या वो. रेशमाचं बोला."

"मुहूर्त जवळ आलाय," डॉक्टर म्हणाले. मी त्यांना इतकं कासावीस कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी नक्की लांबूनच ओळखलं होतं.

"बोला की. हितं समद्यांम्होरं सांगा, म्हंजी पाव्हण्यांस्नी बी कळंल!"

आत्याने कान टवकारले. "सांगा की, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली.

डॉक्टर कापडाबद्दल खोटं बोलू शकत नव्हते. एखाद्याला पोहता येत नाही तसं ते होतं. त्यांनी शालूच्या टोकाची एक दशी काढली आणि शेजारच्या समईच्या ज्योतीत धरली. खरं रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटांनी चुरडेल अशी राख राहते. ही दशी सुर्रकन आखडली, टोकाला काळा टणक मणी झाला, आणि कार्यालयाच्या त्या कोपऱ्यात प्लॅस्टिकची बादली पेटल्यासारखा वास सुटला.

"उदबत्ती हाय ती," मामा म्हणाला.

आत्याने तो मणी दोन बोटांत घेऊन दाबून पाहिला. मग जे सुरू झालं ते सांगण्यात अर्थ नाही. आमच्या पोरीला प्लॅस्टिक नेसवताय, आम्हाला काय समजलात, दुकानदारानं मला फशिवलं वो, तुमाला कोन फशिवनार, असं दोन्हीकडून. मी मुंडावळ्या सावरत मधे उभा होतो. मुहूर्त अर्ध्या तासावर आला होता.

एवढ्यात सुजाताच दार उघडून बाहेर आली. हळदीची साडी, केस मोकळे, मान-दंड पिवळेजर्द. तिने विचारलं काय झालं. तिला सांगितलं. तिने शालू उचलून हातावर तोलला.

"हलका आहे की," ती म्हणाली. "आणि मशीनमध्ये धुता येईल. मला चालेल."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

"तू गप बस," आत्या म्हणाली. "अक्षता पडतील त्या रेशमावर. न्हाईतर आज पडणार न्हाईत."

दुसरी साडी बाजारात जाऊन आणावी इतका वेळ नव्हता. सुजाताचे वडील खुर्चीत बसले आणि पाणी मागू लागले. मामाने ताट खाली ठेवलं. तेव्हा काकू म्हणाल्या,

"गाडीत आहे एक."

सगळ्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर तिथे नव्हते.

ते गाडीत जाऊन बसले होते. दारं आतून लावलेली, काचा वर, मे महिन्याचं ऊन, आणि मागच्या सीटवर मलमलीचं गाठोडं मांडीवर घेऊन ते बसलेले. काकू, मी, आत्या, मामा आणि पाच-पंचवीस वऱ्हाडी गाडीभोवती उभे राहिलो. बँडवाल्यांना वाटलं वरात आहे. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. त्यांना थांबवावं लागलं.

डॉक्टरांनी काच दोन बोटं खाली केली. "ती मुलगी हळदीत बुडालेली आहे!" ते फटीतून म्हणाले. "कानामागे हळद आहे. मानेला हळद आहे. घाम येणार, हळद उतरणार. कुठे उतरणार? सांग तू मला."

"उघडा," काकू म्हणाल्या.

"दुसरं काही माग."

काकूंनी आवाज चढवला नाही. काचेपाशी तोंड नेऊन अगदी शांतपणे त्या म्हणाल्या, "घरी गेल्यावर तुमचं सगळं कपाट मशीनमध्ये टाकीन. सगळं एकदम. गरम पाण्यात."

डॉक्टरांनी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. त्या संसारात काकूंनी खोटी धमकी कधी दिली नसावी, कारण दार उघडलं.

पुढची पंधरा मिनिटं डॉक्टर मुलीच्या खोलीच्या बंद दाराबाहेर उभे राहून आत ओरडत होते. "सेंट आधी मारा, साडी नंतर!" "पिन थेट टोचू नका, आतून कापडाचा तुकडा घ्या!" "हात पुसा! सगळ्यांनी हात पुसा!" आतून एक म्हातारी वैतागून म्हणाली, "ह्यो कोन वो बापय? ह्येला आत तरी घ्या न्हाईतर भाईर तरी घालवा."

सुजाता बाहेर आली. फिकट अबोली आणि हिरवा काठ. आत्या तिच्याभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "आता वाजवा." काकू आपल्या चकचकीत साडीत भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या सुजाताकडे बघत होत्या की साडीकडे, मला सांगता येणार नाही.

अक्षता पडायला लागल्या तसे डॉक्टर छत्री उघडून मंचावर चढले. कुणी अडवायच्या आत सुजाताच्या मागे जाऊन उभे राहिले. रंगवलेले तांदूळ छत्रीवर तडतड वाजत होते. माझ्या डोक्यावर मात्र सगळे पडत होते. होमापाशी त्यांनी छत्री मिटली, पण ठिणग्यांचा भरवसा काय, म्हणून पदर स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला. गाय वीत असताना शेपूट धरतात तसा, नेटाने आणि मायेने. सप्तपदीला आम्ही दोघं पुढे आणि मागे पदर धरून डॉक्टर.

गुरुजींनी मंत्र थांबवला. "हे कोण?"

"आमचे घरमालक," मी म्हणालो.

"घरमालक सप्तपदी चालत नाहीत."

"यांना चालावं लागतंय," काकू खालून म्हणाल्या. "तुम्ही म्हणा पुढचं."

आमच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत डॉक्टर आहेत. कोपऱ्यात म्हणून नव्हे, मधोमध. बघणारे अजून विचारतात, हे मुलीचे मामा का? माझा खरा मामा एकाही फोटोत नाही. तो दिवसभर त्या दुकानदाराला फोन लावत होता. तो लाल शालू सुजाताने परत करू दिला नाही. अजून नेसते, मशीनमध्ये धुते, आणि त्याचा रंग तसूभरही गेलेला नाही. हे डॉक्टरांना आम्ही कधी सांगितलं नाही.

डॉक्टरांना वाटत होतं तेच झालं. साडी उतरवल्यावर पदरावर खांद्यापाशी तळहाताएवढा पिवळा डाग निघाला. डॉक्टर गाडी जवळ आणायला गेले तेवढ्यात काकूंनी भीतीपोटी बेसिनवर त्याला साबण लावला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे त्या गडबडीत विसरल्या. डॉक्टर आले तेव्हा डाग कुंकवाच्या रंगाचा झाला होता. ते डाग बघून वळले आणि न जेवता गाडीत बसले. काकूंनी मात्र पंगतीला बसून जिलेबी खाल्ली आणि मगच निघाल्या.

चार-सहा दिवसांनी मी आणि सुजाता सांगलीला आलो, साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन. काकू दारातच म्हणाल्या, "वर आहेत. गच्चीवर. तुम्ही तरी सांगून बघा."

गच्चीवर भर दुपारी बाज टाकली होती. बाजेवर साडी, तिच्यावर पांढऱ्या चादरी, आणि चादरींवर एक पुठ्ठा. पुठ्ठ्याला मधोमध भोक. ऑपरेशनच्या वेळी पेशंटला झाकून फक्त पोट उघडं ठेवतात तसा त्या भोकातून फक्त डाग दिसत होता. लिंबाचा हात लावून त्यांनी तो लालाचा पुन्हा पिवळा केला होता. शेजारी स्टुलावर डॉक्टर, उघड्या डोक्याने.

"हळदीला एकच औषध आहे," ते मला म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "ऊन. आणि रेशमाला एकच विष आहे. तेही ऊन. म्हणून एवढंच दिलंय, भोकातून."

"पण तुम्ही का उन्हात? सावलीत बसून लक्ष ठेवा की."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी घाण बोललो आहे. "जनावर उन्हात बांधून आपण सावलीत बसायचं नसतं," ते म्हणाले. सूर्य सरकला होता, म्हणून पुठ्ठा सरकवायला उठले, आणि उठले ते तसेच बाजेच्या कडेला कोसळले. पडतानाही डावीकडे पडले. उजवीकडे साडी होती.

मी आणि सुजाताने त्यांना खाली आणलं. अंग भट्टीसारखं तापलं होतं. काकू नुसत्या पातेल्याने त्यांच्या डोक्यावर पाणी ओतत होत्या, जारचं. रिक्षाने मिरजेला एका हॉस्पिटलमध्ये नेलं. मी काउंटरवर घाईघाईत "पेशंट डॉक्टर आहेत" असं सांगून गेलो, त्यामुळे चार तरुण डॉक्टर धावत आले.

"सर, तुमचा विषय कोणता?" एकाने आदराने विचारलं.

"मेंढ्या," डॉक्टर म्हणाले आणि बेशुद्ध झाले.

सगळ्यांना वाटलं, बरळतायत. ताप आणखी चढला आहे असं समजून बर्फ मागवला गेला. शुद्धीवर आले तेव्हा नर्स त्यांना हॉस्पिटलचा निळा अंगरखा घालत होती. त्यांनी डोळे न उघडता बाही चोळली. "टेरिकॉट," ते म्हणाले, आणि सलाइनच्या हाताने तो काढायला लागले. शेवटी नर्सने त्यांना त्यांच्याच ओल्या सुती सदऱ्यात झोपवलं. संध्याकाळी मोठे डॉक्टर आले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, हेच बरं आहे, अंग गार राहील. आमचे डॉक्टर समाधानाने झोपले. पण धोका टळला नव्हता. मूत्रपिंडावर ताण आला आहे, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही, असं आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं. काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "तू थांब इथं. मी घरी जाऊन येते."

त्या आल्या दुसऱ्या दिवशी सकाळी. वॉर्डाच्या दारात पहिल्यांदा मी त्यांना ओळखलंच नाही. अबोली साडी नेसून आल्या होत्या. केस विंचरलेले, गजरा नाही, काही नाही, फक्त ती साडी. खांद्यावर पुसट पिवळा डाग उघड दिसत होता. तो झाकायचा त्यांनी प्रयत्न केला नव्हता. शेजारच्या खाटांवरचे पेशंट उठून बसले. एका म्हातारबाबांनी हात जोडले.

डॉक्टर जागे होते. रात्रीत ताप उतरला होता, लघवीचा रिपोर्ट बरा आला होता. ते बघत राहिले. मला वाटलं आता पदर तपासतील, निऱ्या मोजतील.

"घाम येईल तुला," ते म्हणाले. "काखेत कापड घेतलंयस?"

"नाही."

"डाग?"

"आहे अजून. निम्मा गेलाय."

"मग दोन दिवस अजून उन्हात..."

"उन्हात आता मीच जाणार," काकू म्हणाल्या. "ती आणि मी, दोघी जाऊ. रोज भाजीला, देवळात, बँकेत, जिथं म्हणाल तिथं. तुम्ही सावलीत बसायचं. तुम्हाला काही झालं असतं तर मी ही कुणासाठी..." आणि त्यांचं वाक्य तुटलं. त्या खाटेच्या कडेवर बसल्या. हॉस्पिटलच्या खाटेवर, रेशमी साडीने. डॉक्टरांनी सरकून जागा करून दिली आणि सदऱ्याच्या बाहीने तिथली गादी पुसली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी त्यांना घरी सोडलं. मी रिक्षा आणली. डॉक्टर मधे, एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला सुजाता आणि मी पुढे चालकाच्या कडेला अर्धा बाहेर. सांगलीच्या वाटेवर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ दिसलं तशी काकूंनी रिक्षा थांबवली.

"रस प्यायचाय मला," त्या म्हणाल्या.

"या साडीत?" डॉक्टर म्हणाले.

"या साडीत."

लाकडी बाकावर आम्ही बसलो. बाक चिकट होता. डॉक्टरांनी तो बघितला, तोंड उघडलं आणि मिटलं. काकूंनी फुल ग्लास मागितला, आलं-लिंबू घालून. डॉक्टर त्यांच्या शेजारी बसले, आणि काकूंनी ग्लास तोंडाला लावला तसा त्यांनी आपला तळहात त्यांच्या हनुवटीखाली धरला. हाताला अजून सलाइनची पट्टी होती. काकू पीत होत्या, घोट घोट, कसलीही घाई न करता, आणि हात खाली तसाच धरलेला.

शेवटच्या घोटाला सुजाता काहीतरी बोलली आणि काकूंना हसू आलं. एक थेंब हाताच्या बाजूने निसटला आणि निऱ्यांवर पडला. चांगला टपोरा, रसाचा. आम्ही सगळे थिजलो. रसवाल्यानेसुद्धा चरक थांबवला.

डॉक्टर वाकले. थेंब पसरताना बघत राहिले. खिशातून रुमाल काढला, सुती, पांढरा, घडीचा. तो थेंबापर्यंत नेला, आणि थांबले. मग रुमाल परत खिशात ठेवला.

"आणखी एक घे," ते काकूंना म्हणाले. "आता धुवायचीच आहे."